नेड्याची पोथी

'वाचकांच्या प्रतिक्रिया' या शब्दांचा मला अजून धसका आहे. नोकरीतून सुटून इतकी वर्षं झाली, तरी एखाद्या पुस्तकाबद्दल वाचकांच्या प्रतिक्रिया काय आहेत असं कुणी विचारलं, की माझा हात आपोआप वळवळतो आणि मनात वाक्य उमटतं : पुस्तक उद्बोधक आहे. फिरत्या वाचनालयाच्या सरकारी नोकरीत हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलं, की शेवटी शेवटी त्याचा अर्थ मलाच कुणीतरी सांगायला हवा होता.

ती नोकरी आता उरलेली नाही, म्हणून थोडं समजावून सांगतो. वर्ध्याच्या आमच्या दफ्तरातून मला एक सायकल आणि पत्र्याच्या दोन पेट्या मिळाल्या होत्या. पेट्यांत पुस्तकं भरायची, त्या कॅरियरच्या दोन बाजूंना बांधायच्या आणि निघायचं. प्रत्येक गावाचा वार ठरलेला. गावात पोचलं की कुणाच्या तरी ओट्यावर पेट्या उघडायच्या. ज्याला वाचता येतं त्यानं नाव लिहून पुस्तक घरी न्यायचं. ज्यांना येत नाही, आणि तेच जास्त असत, त्यांना मी मोठ्यानं वाचून दाखवायचं. महिनाअखेर अहवाल द्यायचा आणि त्यात वाचकांच्या प्रतिक्रिया लिहायच्या. आमच्या साहेबांना धूळ सोसत नसल्यामुळे ते कधी खेड्यात आले नाहीत, पण खेड्यातल्या प्रतिक्रियांची त्यांना फार ओढ होती.

खऱ्या प्रतिक्रिया लिहिण्यासारख्या नसत. सेलूला एक कंपाउंडर होते, ते रहस्यकथा नेत आणि औषधाच्या पुड्या बांधता बांधता खुनी कोण ते प्रत्येक रोग्याला सांगून टाकत. त्यामुळे त्यांच्या हाताखालून गेलेलं पुस्तक सेलूत दुसरं कुणी नेत नसे. आर्वीचे एक कापसाचे व्यापारी दर खेपेला माझ्याजवळचं सगळ्यात जाड पुस्तक घेत आणि दुपारी गादीवर उशाला घेऊन झोपत. याहून जाड एखादं निघेल का, असं त्यांनी एकदा मला अगदी आपुलकीनं विचारलं. अहवालात मी त्यांचा उल्लेख 'व्यासंगी वाचक' असा करत असे.

पण ज्या पुस्तकानं मला खऱ्या प्रतिक्रिया दाखवल्या, ते आंजीच्या पलीकडच्या एका गावात वाचलं गेलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं मला ओळखतात आणि दिवाळी अंकही वाचतात. छप्पन्न सालच्या धर्मांतराच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. पुस्तक होतं कुमारांसाठीची एक अमेरिकन कादंबरी, मराठीत आणलेली. पहिली पानं हरवलेली होती, म्हणून ती कुणी लिहिली आणि मराठीत कुणी आणली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. नेड नावाच्या एका काळ्या मुलाची गोष्ट. त्याच्या गावात सरकी काढायचं कापसाचं जिनिंग, जिनिंगच्या अंगणात एक नळ, आणि त्या नळाचं पाणी फक्त गोऱ्यांनी प्यायचं. नेड एका दुपारी तिथं पाणी पितो. त्याच रात्री जिनिंगला आग लागते. मालकाच्याच मुलाच्या सिगारेटनं लागलेली असते, पण नाव येतं नेडवर, कारण तो दुपारी नको तिथं दिसलेला असतो.

पुठ्ठा निखळलेली पुस्तकं मी लाल खारव्याच्या फडक्यात बांधून ठेवत असे, एरवी त्यांची पानं वाटेत उडाली असती. पहिल्या बुधवारी पाटलांच्या ओट्यावर बसून मी ते फडकं सोडलं, आणि तिथंच घोटाळा झाला. लाल फडक्यातून निघते ती पोथी, एवढं सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. पाटलीणबाई आतून हळदकुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पुस्तकाच्या पहिल्या पानावर दोन बोटं टेकवली.

मी म्हटलं, "पाटलीणबाई, ही पोथी नाही, गोष्टीचं पुस्तक आहे."

"पोथीत का गोष्टी नसते?" त्या म्हणाल्या आणि हात जोडून बसल्या.

बाईंचा स्वभाव हसरा होता, पण त्या दिवसांत त्या फार धास्तावलेल्या असत. त्यांची मुलगी कुसुम बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिचं पहिलं मूल आदल्या वर्षी जन्मतःच गेलं होतं. या खेपेला सगळं नीट व्हावं म्हणून बाईंनी त्याच दिवशी संकल्प सोडला, की ही पोथी शेवटपर्यंत ऐकेन आणि समाप्ती होईपर्यंत दर बुधवारी वाचन झाल्याशिवाय पाणीही घेणार नाही. अमेरिकेतल्या त्या लेखकाला आपल्या पुस्तकावर केवढी जबाबदारी पडली आहे याची कल्पना असणं शक्य नव्हतं.

ओट्यावर पाटील, त्यांच्या बाजूला किसना तेली, दाराशी बायका. ओट्याखाली, रस्त्यावर, महारवाड्यातली माणसं उभी असत. त्यांच्यात भागाबाई ही म्हातारी गावची सुईण. कुसुमच काय, ओट्यावर बसलेल्या बहुतेकांना जगात आणणारा पहिला हात तिचा. तिचा मुलगा सदाशिव हिंगणघाटला गिरणीत होता, पण छातीच्या दुखण्यानं काही महिन्यांपासून घरीच होता. तो माझा नावनिशीवार सभासद होता, आणि गावात पुस्तक खरोखर वाचून परत करणारा तो एकटाच होता.

नेडचा नेड्या व्हायला वेळ लागला नाही. कापसाचं गाव म्हटल्यावर पाटलांना फारच गोडी लागली.

"तठी कापूस वेचते कोन?" त्यांनी विचारलं.

"काळी माणसं."

"अन् जिनिंगचा मालक?"

"गोरा."

"म्हंजे रीत आपल्यासारखीच आहे," पाटील समाधानानं म्हणाले आणि सुपारी कातरू लागले.

किसनाला मात्र एक शंका होती. "पन मास्तर, काया कोन अन् गोरा कोन, हे त्याइले वयखू कसं येते? आपल्या अठी चैताच्या उन्हात सारेच नेड्या होते."

मी समजावून सांगितलं. किसनानं ओट्यावरून एकदा नजर फिरवली आणि ती पाटलांवर येऊन थांबली. पाटलांचा रंग तव्याच्या बुडाला मागे टाकणारा होता.

"मंग आपले पाटील तठी गेले, त त्याइलेबी नळावर येऊ देनार नाई का?"

मी खरं ते सांगितलं. "नाही येऊ देणार."

पाटलांचा अडकित्ता थांबला. "मले?"

"तुम्हालासुद्धा."

"अन् मी पाटील आहो म्हनून सांगतलं त?"

"तरीही."

त्या संध्याकाळपासून पाटील नेड्याचे कट्टर पक्षपाती झाले. पुढच्या बुधवारी मी पोचलो तेव्हा ओटा झाडून घेऊन ते माझी वाट पाहत बसले होते, आणि त्या गोऱ्यांचं पुढं काय झालं हे त्यांनी सायकल टेकायच्या आधीच विचारलं.

नळाचा अध्याय त्याच बुधवारी आला. नेड पाणी पितो, मालकाचा माणूस त्याला बखोटीला धरून बाहेर काढतो, आणि मग नळ घासून धुतला जातो. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पाटलीणबाई तर हुंदके देत होत्या. "मेल्याइचं का जाते पानी द्यायले? लेकरू आहे ना ते. तहान का कातडं पाहून लागते?"

पाटीलही घसा खाकरत म्हणाले, "हे काई मानसाची रीत नाई."

तेवढ्यात खालून भागाबाईनं पाणी मागितलं. ऊन कडक होतं. पाटलांचा गडी गडवा घेऊन ओट्याच्या कडेला आला. म्हातारीनं ओंजळ धरली, त्यानं वरून धार सोडली, ती प्यायली आणि तिनं तोंड पुसलं. यात कुणालाच काही विशेष वाटलं नाही, कारण रोज तसंच होत असे. पाटलीणबाई अजून डोळे टिपत होत्या.

मग भागाबाई अगदी काळजीच्या सुरात मला म्हणाली, "मास्तर, त्या नेड्याले सांगा ना, ओंजय धरत जाय म्हना. अन् त्या गोऱ्याइलेबी एवढं समजत नाई का? वरतून वतायचं. मंग नळ धुवाचं कामच नाई."

किसना फस्कन हसला आणि हसता हसता गप्प झाला. मी मान खाली घालून पान उलटलं. पाटलांनी अडकित्ता मिटला आणि ते आत निघून गेले.

पुढच्या बुधवारी त्यांनी मला ओट्याच्या पायरीवरच गाठलं. "मास्तर, हे पुस्तक आता बंद. दुसरं काई वाचा. शेतीचं आना, खताचं आना."

दारातून पाटलीणबाई म्हणाल्या, "अर्ध्यात सोडायची पोथी? अन् कुसुमले काई झालं त?"

"ते पोथी नाई, कादंबरी आहे. मास्तर, सांगा तुमीच."

दोघंही माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "खात्याच्या दृष्टीनं ते कुमारांसाठीचं उद्बोधक पुस्तक आहे." हे उत्तर त्या घरात कुणाच्याच कामाचं नव्हतं.

हे चाललं असताना खालून सदाशिव पुढं आला. ओट्यावर वाचणार नसाल तर ते पुस्तक मला घरी न्यायचं आहे, असं तो म्हणाला. सभासदानं मागितलं की पुस्तक द्यायचं, हा नियम. पाटील माझ्याकडे रोखून पाहत होते, पण अशा वेळी सरकारी नियमासारखा आधार नाही. मी त्याचं नाव लिहिलं, सही घेतली आणि लाल फडक्यासकट पुस्तक त्याच्या हातात दिलं. आगीपर्यंतचे अध्याय गेल्या बुधवारीच वाचून झाले होते; शेवटचा एकच राहिला होता.

त्या आठवड्यात कुसुमचे दिवस भरत आले. पाटलीणबाईंनी मला निरोप धाडला, की हीच पोथी आणखी एखादी असेल तर आणा. वर्ध्याच्या दफ्तरात दुसरी प्रत नव्हती. बुधवारी त्यांनी सदाशिवला ओट्यापाशी बोलावून घेतलं. बाळंतपणापुढं पाटलांनी पुस्तकाची बंदी सोडली होती; ते आतच होते, पण ऐकत होते.

"पुस्तक आनून दे रे सदाशिव. मास्तर वाचतीन, तेवढी समाप्ती होऊन जाईन."

"वाचाले नाई कोन म्हनते, पाटलीनबाई? पुढच्या बुधवारी आमच्या लिंबाखाली वाचतो. या आइकाले."

"तठी? अठी काऊन नाई?"

सदाशिव शांतपणे म्हणाला, "अठी उभं राहून राहून आमच्या पायाचे खुंटे झाले. तठी बसाले जागा आहे."

आतून पाटलांचा आवाज आला, "जाऊन त पाह्य."

आठवडाभर गावात हाच विषय. किसनाचं म्हणणं, बाई जाणार नाहीत. आमच्या घरमालकीणबाईंचं म्हणणं, जातील. वर्ध्यात राहणाऱ्या बाईंना त्या गावातली एक व्यक्ती माहीत नव्हती, पण बाळंतपण म्हटल्यावर त्यांना सगळं माहीत होतं.

बुधवारी मी पोचलो तेव्हा पाटील कापसाच्या गाड्या घेऊन आर्वीला गेले होते. महारवाड्यातल्या लिंबाखाली सारवलेलं होतं, घोंगड्या अंथरल्या होत्या. किसना 'मी नुसता पाहाले आलो' असं सगळ्यांना सांगत पुढच्या घोंगडीवर जाऊन बसला होता. मी पाटलीणबाईंची वाट पाहत होतो, कारण उद्या कुसुमला काही झालं असतं तर तो दोष पोथी अर्ध्यात राहिल्याचा धरला गेला असता, आणि बाई ते जन्मभर विसरल्या नसत्या.

त्या आल्या. हातात नारळ, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. मागून त्यांचा गडी पाण्याचा गडवा घेऊन येत होता, तो महारवाड्याच्या शिवेवरच्या बाभळीपाशी जो थांबला तो पुढं येईना. बाई एकट्याच लिंबापर्यंत आल्या आणि उभ्या राहिल्या.

"बस व माय, उभी काऊन?" भागाबाई म्हणाली.

बाई घोंगडीच्या अगदी कडेला बसल्या. मग सदाशिवनं पुस्तक उघडलं. मी हात पुढं केला होता, पण त्यानं ते माझ्याकडे दिलं नाही. तो स्वतः वाचू लागला, हळू आणि न अडखळता, मध्ये खोकला आला की थांबून. शेवटच्या अध्यायात आग कुणी लावली ते उघडकीला येतं, पण मालकाच्या मुलाला कुणी काही करत नाही. नेडच्या घरच्यांनाच गाव सोडावं लागतं. निघायच्या दिवशी पहाटे नेड एकटा जळक्या जिनिंगच्या अंगणात जातो. नळ तसाच असतो. तो त्यावर हात ठेवतो.

सदाशिव थांबला.

"पुढं?" किसनानं विचारलं.

सदाशिवनं पान उलटलं. मागं कोरं होतं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, पान फाडलं का हो?"

मी शपथेवर सांगितलं, की पुस्तक इथंच संपतं. त्यांचा विश्वास बसेना. पोथी अशी संपत नाही. नेड्या पाणी प्याला की नाही हे न सांगता पोथी लिहिणारा माणूस घरी जाऊन झोपला तरी कसा, असं किसनाचं म्हणणं पडलं. त्याच्या मते जिनिंग जळल्यावर नळाला पाणी येणं शक्यच नव्हतं.

सदाशिव म्हणाला, "नाई प्याला. ज्या पान्यापाई घर सुटलं, ते कोन पीईन?"

"प्याला असन रे," भागाबाई म्हणाली. "दूरचा रस्ता अन् लेकरू. तहान का राग पाह्यते?"

लिंबाखाली दोन तट पडले. माझ्या सगळ्या नोकरीत पुस्तकावरून एवढं भांडण मी ऐकलं नाही. या भांडणात पाटलीणबाई एकट्याच गप्प होत्या. त्यांनी नारळ सदाशिवच्या हातात दिला. पोथी वाचणाऱ्यानं नारळ फोडायचा असतो. त्यानं दगडावर फोडला. आता उपास सोडायचा, म्हणजे आधी पाणी घ्यायचं, मग प्रसाद. बाई सकाळपासून पाण्याविना होत्या आणि त्यांच्या ओठांना कोरड पडलेली दिसत होती. त्यांनी मागं वळून पाहिलं. गडी बाभळीखालीच होता आणि दुसरीकडे पाहत होता.

भागाबाई उठली आणि घरातून आपला घासलेला पितळी गडवा भरून घेऊन आली. बाई जरा पुढं झुकल्या आणि त्यांनी ओंजळ धरली. मुद्दाम धरली असं मला वाटत नाही. या दोन घरांमध्ये पाणी त्यांनी जन्मभर असंच जाताना पाहिलं होतं, म्हणून हात आपोआप तसे झाले.

भागाबाईनं धार सोडली नाही. ती गडवा धरून तशीच उभी राहिली.

"ओंजय काऊन धरते व माय? गडवा घे हातात."

लिंबाखालचं भांडण थांबलं. बाईंनी ओंजळ सोडली. दोन्ही हातांनी गडवा घेतला, तोंडाला लावला आणि खाली न ठेवता रिकामा केला. थोडं पाणी त्यांच्या हनुवटीवरून शेजारी उघड्या पडलेल्या पुस्तकावर सांडलं, आणि माझ्यातला ग्रंथपाल असा नतद्रष्ट, की माझं पहिलं लक्ष तिकडे गेलं.

पहिल्या पानावर कुंकू आणि शेवटच्या पानावर पाणी, हे काय आहे याचा साहेबांनी पुढं माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी लिहून दिलं : वाचकांच्या प्रतिक्रिया. नोकरीत तेवढा एकच खरा अहवाल दिला असेन.

त्या दिवशी गावाची विहीर सगळ्यांना खुली झाली असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. ओट्याखाली माणसं पुढंही उभीच राहिली, आणि धर्मांतरानंतर तर ती ओट्याखाली यायचीच बंद झाली. वाचन लिंबाखाली होऊ लागलं आणि तिथं सदाशिव मला नवीन पुस्तकांची नावं सांगू लागला. ओट्यावर मी मग खतांची पुस्तकं वाचली, ती कुणी धड ऐकली नाहीत. याची मला अजून रुखरुख आहे. कुसुमला मात्र मुलगी झाली, भागाबाईच्याच हातांनी, आणि दोघी सुखरूप राहिल्या.

पण ते चार दिवसांनंतरचं. त्या बुधवारी संध्याकाळी मी पाटलांच्या घरासमोर सायकलला पेट्या बांधत होतो तेव्हा त्यांच्या गाड्या आर्वीहून परत आल्या. बातमी त्यांना वेशीवरच कळली होती. ते गाडीवरून उतरले आणि दारात उभ्या असलेल्या बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"तू तठी पानी प्याली म्हनते?"

"प्याली."

"काऊन?"

"पोथीत तसंच आहे," बाई म्हणाल्या. "शेवटी नेड्या त्या नळाचं पानी प्याला, तवाच समाप्ती झाली. मले का अर्धी समाप्ती करा लागत होती?"

पाटील माझ्याकडे वळले. "मास्तर, खरं का हे? लिवलं आहे तसं?"

मी दोरीची गाठ मारत होतो ती तशीच राहिली. नाही म्हटलं असतं तर बाईंचं शुद्धीकरण, घरात आदळआपट, आणि भागाबाईला कुसुमच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी, एवढं सगळं त्या एका शब्दावर होतं. बाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्या पदराचं टोक नीट करत होत्या.

"आहे ना," मी म्हणालो. "शेवटच्या पानावर आहे. नेड्या पोटभर पाणी प्याला."

पाटलांना बहुधा तो नळ आठवला असावा, ज्यावर आपण पाटील आहोत असं सांगूनही त्यांना येऊ दिलं नसतं.

"बरं झालं," ते म्हणाले. "गोऱ्याइची चांगली जिरली." आणि पाय धुवायला आत गेले.